नवी फॉर्म्युला वन गाडी बघायची कशी? अगदी पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

जानेवारी उजाडला की आमच्या फोंड्याच्या ग्रुपवर नव्या गाड्यांचे फोटो पडायला लागतात आणि पहिले पन्नास मेसेज रंगावरच असतात, लाल जास्तच गडद झालाय, स्पॉन्सरचं नाव कुठे गेलं, गेल्या वर्षीची बरी होती. रंगावर बोलायला मलाही आवडतं. पण यंदा ग्रुपात चार-पाच नवीन जण आलेत, त्यातल्या दोघी माझ्या मावसबहिणी, आणि त्यांनी सरळ विचारलं की दादा, तुम्ही एका फोटोवर दोन-दोन तास काय बोलत बसता, आम्हाला तर सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. इंजिनिअरिंग लागत नाही, मी स्वतः कॉमर्सचा. फोटो, पेन्सिल आणि थोडा धीर, एवढं पुरतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग बाकी सगळं आपोआप जागेवर येतं. या गाडीवरचा सगळ्यात त्रासदायक भाग म्हणजे पुढचा टायर. उघडा, रुंद, गरगर फिरणारा. त्याच्या मागे हवा पार विस्कटते, आणि त्याच्या बरोब्बर मागे काय असतं तर गाडीचा फ्लोअर, म्हणजे गाडीला रस्त्याला चिकटवून ठेवणारा भाग, ज्याला शांत हवा लागते. म्हणून गाडीवर एखादा विचित्र बाक, पट्टी, खाच दिसली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, ही पुढच्या टायरची खराब हवा कुठे ढकलतेय? दहातल्या सहा-सात वेळा उत्तर तिथेच सापडतं.

विस्कटलेली हवा म्हणजे काय हे आपल्याकडे पावसाळ्यात फुकट बघायला मिळतं. जुलैत फोंड्याहून पणजीला स्कूटरवर जाताना बाणस्तारीच्या आसपास एखादा ट्रक पुढे असतो ना, तेव्हा बघा. त्याच्या टायरमागून पाण्याचा फवारा उडतो तो सरळ मागे येत नाही, आधी बाहेर फेकला जातो, मग गोल फिरून ट्रकच्या मागच्या पोकळीत आत ओढला जातो, आणि आपण त्या पोकळीत शिरलो की हेल्मेटवर सगळीकडून शिंतोडे येतात आणि स्कूटर डावी-उजवीकडे हलायला लागते. हीच ती डर्टी एअर, फक्त पाण्यामुळे आपल्याला दिसते. (अंतर ठेवूनच बघा, मुद्दाम जवळ जाऊ नका.) पावसातल्या रेसचे व्हिडिओ यासाठीच खास जपून ठेवायचे, फवाऱ्यात हवेचा अख्खा रस्ता उमटलेला असतो.

आणि फ्लोअर चिकटवतो म्हणजे काय, तर ओहोटीच्या वेळी पणजीला मांडवीच्या पुलाखाली बघा, दोन खांबांच्या मधून जाताना पाणी कसं ओढ घेतं. जागा अरुंद झाली की पाणी वेग घेतं, आणि वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. म्हणूनच दोन होड्या खूप जवळून समांतर गेल्या तर एकमेकींकडे ओढल्या जातात. गाडीच्या पोटाखाली आणि रस्त्यात जी चिंचोळी फट असते तिथे हवेचं हेच होतं, दाब पडतो आणि गाडी खाली ओढली जाते. लोटस टीमनं 1977 मध्ये ‘78’ नावाच्या गाडीवर हे करून दाखवलं, पुढच्या वर्षीच्या 79 वर मारिओ आन्द्रेत्ती चॅम्पियन झाला. 1983 ला सपाट फ्लोअरची सक्ती झाली, आणि 2022 ला पोटाखालचे बोगदे परत आले.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्यांदा बघा की समोर आलेला फोटो कसला आहे. कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र, स्टेजवर ठेवलेली शो कार, की ट्रॅकवर धावलेली खरी गाडी? लाँचची गाडी बऱ्याचदा शिगम्याच्या चित्ररथासारखी असते, समोरून बघणाऱ्यासाठी सजवलेली. मी एकदा एका टीमच्या लाँच चित्रावर अख्खी रात्र घालवली होती, साइडपॉडची, म्हणजे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंच्या फुगीर भागांची, रेघ न् रेघ काढली, आणि टेस्टिंगला गाडी आली तेव्हा तो भाग तसा नव्हताच. तेव्हापासून वहीत फोटो चिकटवला की खाली पहिला शब्द लिहितो, चित्र, शो की ट्रॅक. सगळ्यात गाजलेलं उदाहरण 2022 च्या मर्सिडीज डब्ल्यू13 चं. लाँचला एक साइडपॉड, आणि मार्चमध्ये बहरीनच्या टेस्टला तीच गाडी जवळजवळ साइडपॉडच नसल्यासारखी आली, लोकांनी त्याला झीरोपॉड नाव दिलं.

टेस्टिंगच्या फोटोंतही लपवालपवी असतेच. 2015 ला रेड बुलनं काळ्या-पांढऱ्या झेब्र्यासारख्या पट्ट्यांत गाडी आणलेली, पट्ट्यांमुळे बाक कुठे सुरू होतो कुठे संपतो तेच कळेना. आणि हल्ली वजन वाचवायला रंगच कमी मारतात, उघडा काळा कार्बन ठेवतात, त्यात सावल्या बुडून जातात. उपाय सोपा, मोबाइलच्या गॅलरीत फोटो एडिटला घ्या, शॅडो वर, कॉन्ट्रास्ट खाली. बाकी काही करू नका. शार्पनेस वाढवला की नसलेल्या रेघा दिसायला लागतात.

दुसरं म्हणजे त्या वर्षीचे नियम. एफआयए, म्हणजे नियम बनवणारी संघटना, तिच्या साइटवर टेक्निकल नियमांचं पुस्तक फुकट आहे, इंग्रजीत आहे आणि किचकट आहे, सगळं वाचायची गरज नाही, फक्त आकृत्या बघा. कुठला भाग कुठल्या काल्पनिक डब्यात बसला पाहिजे ते त्यात आखलेलं असतं, आणि डिझायनर त्या डब्याच्या कोपऱ्यात काय बसवतो हीच खरी मजा. 2026 पुरतं हे लक्षात ठेवा. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, जास्तीत जास्त 3600 वरून 3400 मिमीवर आलं, रुंदी 2000 ची 1900 झाली, कमीत कमी वजन 768 किलो. टायर पुढे 25 आणि मागे 30 मिमीनं अरुंद. पोटाखालचे लांब बोगदे गेले, फ्लोअर बराचसा सपाट झाला. पुढच्या चाकांवरच्या कमानी गेल्या, मागच्या विंगखालची, म्हणजे आडव्या पंखाखालची, छोटी बीम विंग गेली. इलेक्ट्रिक मोटर 120 किलोवॅटवरून 350 वर, म्हणजे ताकद साधारण अर्धी पेट्रोलची अर्धी विजेची. आणि डीआरएस, म्हणजे ओव्हरटेकसाठी फक्त मागची विंग उघडायची सोय, गेलं, त्याऐवजी पुढची-मागची दोन्ही विंग सरळ रस्त्यावर चपटी होतात आणि वळणाला परत उभी राहतात.

या शेवटच्या गोष्टीनं नवखे हमखास फसतात, त्यामुळे जरा थांबून सांगतो. आता विंगचा फोटो आला की आधी ठरवायचं की फ्लॅप, म्हणजे विंगच्या हलणाऱ्या पट्ट्या, उघडे आहेत की बंद. परवा ग्रुपवर एकानं एकाच गाडीचे दोन फोटो टाकून लिहिलं की बघा, नवीन विंग आणली. विंग तीच होती, एक फोटो वळणातला आणि एक स्ट्रेटवरचा. मागे ट्रॅक कसा दिसतोय, पुढची चाकं वळलेली आहेत का, हे बघितलं की कळतं.

तिसरं, नाकापासून शेपटीपर्यंत क्रमानं जा. क्रम मोडू नका, कारण हवा त्याच क्रमानं जाते.

पुढची विंग. मधला भाग सोडून आधी टोकाकडे बघा, टायरसमोरचा. तिथले बाक हवा टायरच्या बाहेरून पाठवतायत की आतून? बाहेरून पाठवणं म्हणजे आउटवॉश, आणि प्रत्येक टीमला तेच हवं असतं, कारण घाण गाडीपासून लांब गेली की फ्लोअर सुखी. नियम बनवणारे नेमके याच्या विरोधात असतात, कारण बाहेर फेकलेली घाण मागून येणाऱ्याच्या अंगावर जाते आणि ओव्हरटेक होत नाहीत. 2026 च्या नियमांत पुढच्या टायरमागे, साइडपॉडच्या आधी, उभे बोर्ड दिलेत ते हवा आत वळवायला, म्हणजे इनवॉशला. टीम मात्र त्याच बोर्डांना कापून-वाकवून जमेल तेवढी हवा बाहेर काढायला बघणार. त्या बोर्डांचा फोटो मिळाला तर सोडू नका, झूम करा, प्रत्येक खाच मोजा.

नोज झटपट. किती रुंद, टोक विंगच्या पहिल्या पट्टीला टेकलंय की मागे आहे, खालून हवेला जागा किती. पुढे चला.

पुढचं सस्पेन्शन. इथे नवखे घाबरतात, पण ओळखायला सोपं आहे. चाकाकडे खाली आणि गाडीकडे वर जाणारी तिरकी दांडी म्हणजे पुशरॉड. चाकाकडे वर आणि गाडीकडे खाली, तर पुलरॉड. बाकीच्या बहुतेक दांड्या म्हणजे दोन पायांचे विशबोन. आता वरच्या विशबोनचे दोन पाय बघा, पुढचा पाय गाडीला उंचावर जोडलाय आणि मागचा खाली, असा मोठा तिरपेपणा दिसला तर तो अँटी-डाइव्हसाठी, म्हणजे ब्रेक मारल्यावर नाक खाली बसू नये म्हणून. नाक बसलं की फ्लोअरची रस्त्यापासूनची उंची बदलते आणि चिकटणं कमी-जास्त होतं. 2023 च्या रेड बुल आरबी19 वर हा तिरपेपणा साध्या डोळ्यांना दिसायचा, आणि ती गाडी 22 पैकी 21 रेस जिंकली. तिरपेपणामुळेच जिंकली असं मी म्हणत नाही, पण फ्लोअर स्थिर ठेवण्यावर त्यांनी किती जीव टाकला होता ते तिथे दिसत होतं. शिवाय या दांड्या टायरच्या अगदी शेजारी हवेत असतात, त्या हवा पण वळवतात, म्हणून त्यांचा आकार चपटा असतो.

साइडपॉड. सगळ्यात जास्त बोललं जातं ते यावर आणि मला वाटतं थोडं जास्तच बोललं जातं, कारण फोटोत तो सगळ्यात मोठा दिसतो. तरी तीन गोष्टी बघा. तोंड, म्हणजे हवा आत घेणारी फट, रुंद की अरुंद, उभी की आडवी. त्याच्या खालचा खोलगट भाग, अंडरकट, किती आत गेलाय. आणि वरचा पाठीकडचा उतार मागच्या टायरच्या आतल्या बाजूला जातोय का. 2022 ला तीन घराणी होती, फेरारीचा वरून खोल केलेला बाथटबसारखा, रेड बुलचा खाली अंडरकट आणि वरून उतरता, आणि मर्सिडीजचा जवळजवळ नाहीच. पुढच्या दोन वर्षांत बहुतेक सगळे रेड बुलच्या वाटेनं गेले आणि मर्सिडीजनं 2023 ला मोनाकोत झीरोपॉड सोडून दिला. का? पुढच्या टायरमागची घाण बाहेर ठेवायला रुंद साइडपॉडचा खांदा उपयोगी पडतो. आला ना परत तोच टायर!

मग इंजिन कव्हरवरच्या फटी. गरम हवा बाहेर सोडायला त्या असतात, किती उघड्या ठेवल्यात ते मोजा आणि शेजारी टेस्टची जागा लिहा. बार्सिलोनात जानेवारीच्या थंडीत कमी फटीत भागतं, बहरीनला वाढवाव्या लागतात, आणि मेक्सिको सिटीला समुद्रसपाटीपासून 2200 मीटरवर हवाच विरळ, तिथे सगळ्यांची कव्हरं उघडी पडलेली दिसतात.

शेवटी मागची बाजू, डिफ्युझर. पोटाखालची हवा जिथून वर उसळून बाहेर पडते तो भाग. मागच्या टायरच्या आतली कडा आणि फ्लोअरचा कोपरा यांच्यात बोटभर जागा असते, तिथे बारीक पट्ट्या लावलेल्या असतात. फोटो मिळणं कठीण, मिळाला तर सोनं. 2009 ला ब्रॉन टीमनं दुहेरी डिफ्युझर आणला तो इथेच. टोयोटा आणि विल्यम्सकडे पण तो होता, पण चॅम्पियन ब्रॉन झाली.

चौथं काम मला सगळ्यात आवडतं, आणि मावसबहिणींना हेच पहिल्यांदा करायला लावलं. अगदी बाजूनं घेतलेला फोटो शोधा, दोन्ही चाकं पूर्ण गोल दिसतील असा. चाक लंबगोल दिसलं की तो फोटो मापाला बाद. लांबून मोठ्या लेन्सनं काढलेला चांगला, कारण जवळून वाइड लेन्सनं काढला की नाक उगाच मोठं दिसतं. फोंड्यात तिस्कावर झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रिंट काढा, ए4 वर आडवा. पट्टी घ्या, टायरची उंची मोजा. 2026 चा टायर साधारण 70 सेंमी व्यासाचा. आमच्या प्रिंटवर तो 3.5 सेंमी आला, म्हणजे कागदावरचा 1 सेंमी म्हणजे खऱ्यातले 20. मग दोन्ही चाकांच्या मधल्या बिंदूंतलं अंतर मोजलं, 16.8 आलं, म्हणजे 336 सेंमी. नियमात कमाल 340 आहे, म्हणजे माप ठीक चाललंय. धाकटी बहीण पट्टी धरून तीनदा मोजत बसलेली आणि प्रत्येक वेळी एक-दोन मिलिमीटरचा फरक येत होता, तो येणारच, 3 मिमी चुकलं की खऱ्यात 6 सेंमी होतात, म्हणून अशा मापावरून कुणाचा व्हीलबेस छोटा असं छातीठोक सांगू नका. तुलना मात्र छान होते, साइडपॉडचं तोंड पुढच्या चाकापासून किती मागे आहे, ड्रायव्हर किती मागे बसलाय, वगैरे.

मग प्रिंटवर बटर पेपर ठेवा आणि दोन रंग घ्या. निळ्यानं चांगली हवा, तांबड्यानं टायरमागची. नाकापासून निळ्या रेघा सुरू करा, टायरमागून तांबड्या, आणि प्रत्येक पट्टीशी थांबून विचार करा की इथे रेघ कुठे वळेल. चुकेल, चुकू दे. दुसऱ्या टीमचा तसाच बटर पेपर यावर ठेवला की कुठे वेगळा विचार केलाय ते अर्ध्या मिनिटात दिसतं.

पाचवं, टेस्टिंग. इथे गाडी स्वतःच सांगते. अंगावर हिरवा-पिवळा चमकणारा ओघळ दिसला तर तो फ्लो-व्हिज, पातळ तेलात चमकणारी पावडर कालवलेली असते, गाडी धावली की हवा जशी गेली तसे ओघळ सुकतात. ओघळ सलग आणि बारीक असतील तर हवा चिकटून चाललीय, एका जागी साचून घोळ झाला असेल तर तिथे हवा सुटलीय. आपल्या निळ्या-तांबड्या रेघा यासमोर ठेवून तपासा. चाकामागे लोखंडी जाळीसारखं काही लावलेलं दिसलं तर तो एअरो रेक, नळ्या-नळ्यांनी हवेचा दाब मोजणारा. तो बहुतेक वेळा कुठे लावतात? पुढच्या टायरच्या मागे.

ऑनबोर्ड, म्हणजे गाडीवरच्या कॅमेऱ्याचा, व्हिडिओ बघताना ड्रायव्हरच्या हाताकडे पण लक्ष ठेवा. फेब्रुवारी 2020 ला बार्सिलोनात हॅमिल्टन स्ट्रेटवर स्टिअरिंग स्वतःकडे ओढतोय आणि वळणाआधी परत ढकलतोय हे कॅमेऱ्यात दिसलं, आणि मर्सिडीजचं डीएएस उघडं पडलं, पुढच्या चाकांचा कोन चालत्या गाडीत बदलणारं. त्याहून जुनी गोष्ट 1997 ची. डॅरन हीथ नावाच्या फोटोग्राफरला मॅक्लारेनच्या फोटोत मागची ब्रेक डिस्क लाल झालेली दिसली, तीही वळणातून बाहेर पडून वेग घेताना, जिथे ब्रेकचं कामच नाही. त्यानं वाट बघितली, नुर्बुर्गरिंगला गाडी बंद पडली तेव्हा कॅमेरा कॉकपिटमध्ये घालून फोटो काढला, आणि आत जास्तीचा पेडल सापडला, फक्त एका बाजूचा मागचा ब्रेक लावणारा. एका लाल डिस्कवरून! मला विचाराल तर माझ्या बघण्यात आलेली सगळ्यात सुंदर निरीक्षणं याच जातीची, ‘हे इथे का?’ म्हणून अडून बसलेली.

टेस्टमधल्या वेळांवर मात्र गाडी तोलू नका. टाकीत पेट्रोल किती हे कुणी सांगत नाही, आणि 10 किलो पेट्रोल म्हणजे एका लॅपला साधारण 0.3 सेकंद.

फोटोला मर्यादा आहे हेही माहीत असू दे. आपली फोर्स इंडिया आठवते ना, 2018 पर्यंतची, तिचीच पुढे रेसिंग पॉइंट झाली आणि 2021 पासून अॅस्टन मार्टिन. 2020 ला रेसिंग पॉइंटची गुलाबी गाडी आधीच्या वर्षीच्या मर्सिडीजसारखी हुबेहूब आली, टीमचं म्हणणं की फोटो बघून बनवली. बाहेरच्या आकाराबद्दल ते चाललं, पण मागच्या ब्रेक डक्टवर, म्हणजे ब्रेकला हवा पोचवणाऱ्या वाटेवर, अडकले, 15 पॉइंट गेले आणि 4 लाख युरो दंड बसला. ब्रेक डक्टच्या आतलं कुठल्या फोटोत दिसणार? तसंच बॅटरी, गिअरबॉक्स, इंजिनाच्या आतलं काही आपल्याला दिसत नाही, आणि त्यावर फोटोवरून बोलू नये.

सीझन सुरू झाला की दोन ठिकाणी नजर ठेवा. एक, क्रेन. 2023 ला मोनाकोच्या क्वालिफायिंगमध्ये रेड बुलचा ड्रायव्हर पेरेझ सांत देव्होतच्या वळणावर आपटला आणि क्रेननं रेड बुल उचलली तेव्हा इतके दिवस कुणाला न दिसलेला अख्खा फ्लोअर जगानं बघितला. गाडी आपटली की आधी ड्रायव्हर बरा आहे ना बघा, मग स्क्रीनशॉट घ्यायला बोट तयार ठेवा. दुसरं, 2022 पासून रेसच्या शुक्रवारी एफआयए एक यादी टाकते, कुठल्या टीमनं कुठला भाग बदलला आणि कशासाठी, टीमच्याच शब्दांत, दोन-दोन ओळींत. आमच्यात नियम असा की ती यादी उघडायच्या आधी प्रत्येकानं आपला अंदाज लिहून ग्रुपवर टाकायचा. वहीत डाव्या पानावर तारीख, फोटो, आपला अंदाज, आणि उजवं पान रिकामं सोडायचं, यादी आली की भरायला. मोठ्या मावसबहिणीच्या पहिल्या डाव्या पानावर एवढंच आहे: ‘बोर्डाला खालून दुसरी खाच, तांबडी रेघ बाहेर जात असावी.’ उजवं पान अजून कोरं आहे.